तीन राज्ये आणि एक दप्तर : जमिनीच्या नोंदींच्या आज्ञावलींचा आढावा

1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याचे त्रिभाजन झाले, तेव्हा नकाशावर ओढलेल्या रेषा केवळ भाषांच्या सीमांवरून गेल्या नाहीत. त्या तहसील कचेऱ्यांच्या दप्तरखान्यांमधूनही गेल्या. नांदेड जिल्ह्यातील मुधोळ, भैंसा व कुबीर ही मंडळे आणि देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे आंध्र प्रदेशात समाविष्ट झालेल्या तेलंगणाच्या वाट्यास गेली. उलट आदिलाबादेकडील किनवट तालुका नांदेडास मिळाला, आणि बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मराठवाड्यात येऊन पुढे 1982 साली निर्माण झालेल्या लातूर जिल्ह्याचे घटक झाले. 1317 फसलीच्या हैदराबाद जमीन महसूल कायद्याखाली ज्या गावांचा सारा एकाच पद्धतीने आकारला जात होता, ज्यांच्या पाहणीपत्रकांवर एकाच धाटणीचे शिक्के उमटत होते, ती गावे तीन सरकारांच्या अमलाखाली गेली. आणि पुढे अर्धशतकाच्या आत-बाहेर त्या तिन्ही बाजूंच्या सरकारांनी आपापले दप्तर संगणकावर चढविले, तेव्हा बिदरच्या नोंदी कर्नाटकाच्या ‘भूमी’त, मुधोळ-जुक्कलच्या नोंदी तेलंगणाच्या ‘धरणी’त आणि देगलूर-उदगीरच्या नोंदी महाराष्ट्राच्या ‘ई-फेरफार’ आज्ञावलीत जाऊन बसल्या. मूळ दप्तर एक, जमीन एक, कुणबी एक. आज्ञावली मात्र तीन. उत्तम सॉफ्टवेअर कशाने उत्तम ठरते आणि ते घडविणाऱ्यांचे नेतृत्व कसे करावे, या प्रश्नाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यास याहून सोयीची प्रयोगशाळा सापडणे कठीण आहे, असे माझे मत आहे.

हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, नांदेडच्या विष्णुपुरी येथे 1981 साली स्थापन झालेल्या श्री गुरु गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी संस्थेतून आणि लातूरच्या बिडवे महाविद्यालयातून बाहेर पडलेले आमचे तरुण पुणे, हैदराबाद व बेंगळुरू येथे जाऊन जगभरच्या ग्राहकांसाठी सॉफ्टवेअर लिहितात, आणि गुणवत्तेविषयीची त्यांची सारी परिभाषा साहजिकच त्या ग्राहकांच्या दुकानदारीतून, बँकांतून आणि करमणुकीच्या व्यवसायांतून तयार होते. ती परिभाषा खोटी नाही. परंतु ज्या आज्ञावलीतील एका चुकलेल्या आकड्यामुळे विधवेचे नाव वारसांतून गळते, सोसायटीचे पीककर्ज अडते किंवा भावाभावांत फौजदारी उभी राहते, तिच्याकडे अभियांत्रिकी कृती म्हणून पाहण्याची सवय आपल्याला अद्याप लागलेली नाही. तिला आपण ‘सरकारी वेबसाईट’ म्हणतो आणि सर्व्हर बंद पडला की उसासा टाकून घरी जातो.

ही विद्या तशी वयाने तरुणच आहे. 1968 साली जर्मनीतील गार्मिश येथे नाटो संघटनेने भरविलेल्या परिषदेत सॉफ्टवेअर घडविणे हीही एक अभियांत्रिकी शाखा असावी, हा विचार प्रथम ठळकपणे मांडला गेला. त्याच वर्षी मेल्विन कॉनवे याने असे निरीक्षण नोंदविले की, कोणतीही संस्था जी यंत्रणा रचते, तिची ठेवण त्या संस्थेतील परस्परसंपर्काच्या ठेवणीचीच नक्कल असते. आणि 1975 साली फ्रेडरिक ब्रुक्स याने आय.बी.एम.च्या प्रचंड प्रकल्पातील अनुभवावरून हे दाखविले की, रेंगाळलेल्या कामावर आणखी माणसे लावल्याने ते काम आणखीच रेंगाळते. यांपैकी कॉनवेचे निरीक्षण आपल्या तीन आज्ञावलींना किती चपखल लागू पडते, ते पुढे दिसेल.

प्रथम दप्तराचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. गावकामगार पटवाऱ्याचे लेखन मोडीत आणि वरच्या कचेरीचा कारभार उर्दूत, अशी मराठवाड्याची पूर्वापार स्थिती होती. 2023 साली मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी निजामकालीन कागद पुन्हा उघडले गेले, तेव्हा मोडी आणि उर्दू जाणणाऱ्यांची किती निकड भासली, हे सर्वांनी पाहिलेच आहे. त्यात मदतमाश व खिदमतमाश इनामांची गुंतागुंत, 1954-55 च्या खासरा पाहणीपत्रकाला आजही असलेले पुराव्याचे महत्त्व, 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने आणलेले नवे नमुने, आणि एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आरमध्ये झालेले रूपांतर. अशा दप्तराचे संगणकीकरण म्हणजे कागद पाहून टंकलेखन करणे, असे ज्याला वाटले त्याने कामाचा आरंभच चुकविला. उदाहरणासाठी एक नोंद घ्या. गटाचे एकूण क्षेत्र ‘2 हे. 40 आर’, तीन भाऊ खातेदार, प्रत्येकाचे 80 आर. नोंद चढविणाऱ्याने एकूण क्षेत्र ‘2.4’ असे टंकले, आणि छापील उताऱ्यावर ते ‘2 हे. 4 आर’ असे वाचले गेले, तर 36 आर जमीन, म्हणजे सुमारे पाऊण-एक एकर, कोणी न चोरता कागदावरून नाहीशी झाली. खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या क्षेत्राशी जुळल्याखेरीज पुढचा फेरफारच घेऊ न देणे, हा यावरचा आज्ञावलीतील उपाय. तो वरकरणी क्षुल्लक दिसतो, परंतु असे शेकडो निर्बंध विचारपूर्वक बसविणे यालाच या धंद्यात कारागिरी म्हणतात. आणि नुसता निर्बंध बसविल्यानेही भागत नाही, कारण मूळ हस्तलिखितातच बेरीज चुकली असेल तर निर्बंध त्या गटाचा व्यवहार गोठवून टाकतो; म्हणून प्रत्येक निर्बंधाबरोबर दुरुस्तीची वाट, त्या वाटेवरचा अधिकारी आणि त्याच्या आदेशाची नोंद यांचीही रचना करावी लागते.

महाराष्ट्राच्या प्रकल्पात मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट 2017 च्या उन्हाळ्यात घडली, ती चावडी वाचनाची. संगणकातून काढलेले सातबारे गावोगाव चावडीवर खातेदारांसमोर मोठ्याने वाचावयाचे, जुन्या हस्तलिखिताशी ताडावयाचे, ज्याची त्याने चूक सांगावयाची आणि ती लिहून घ्यावयाची, असा तो उपक्रम. गट क्रमांक, भोगवटादाराचे नाव, क्षेत्र, पोटखराब, आकार, इतर हक्कातील कूळ, विहिरीचा हिस्सा, बँकेचा बोजा. तलाठी एकेक रकाना वाचीत जातो आणि ज्याच्या बापाचे नाव ‘ज्ञानोबा’ऐवजी ‘ज्ञानबा’ पडले आहे, तो मध्येच हात वर करतो. 1976 साली आय.बी.एम.मधील मायकेल फेगन याने आज्ञावली तपासण्याची जी शिस्त प्रसिद्ध केली, तिच्यात लिहिणाऱ्याने स्वतः नव्हे, तर दुसऱ्या एका वाचकाने सर्वांसमोर मजकूर उलगडून सांगावयाचा आणि आढळलेला दोष तिथेच न सोडविता फक्त नोंदवावयाचा, असा दंडक होता; कारण लिहिणाऱ्याचा डोळा आपल्या मनातलाच मजकूर वाचतो. चावडीवर नेमके हेच झाले, आणि शिवाय तपासणाऱ्यांमध्ये असा मनुष्य बसला की ज्याचे स्वतःचे शेत त्या ओळीत होते. जेथे हे वाचन मनापासून झाले तेथील नोंदी आणि जेथे ते केवळ अहवालापुरते झाले तेथील नोंदी यांत पुढे पुष्कळ अंतर पडले, हे महसूल खात्यातील कोणीही प्रामाणिक कर्मचारी सांगेल.

त्यानंतरचा मार्ग सुखाचा नव्हता. सापडलेल्या चुका दुरुस्त करण्यासाठी ‘एडिट’ आणि मग ‘रि-एडिट’ अशी सोय आज्ञावलीत उघडून द्यावी लागली. संहितेच्या कलम 155 खाली, म्हणजे लेखनप्रमाद दुरुस्त करण्याच्या अधिकारात, तहसीलदारांचे आदेश निघाले. तलाठ्यापासून वरपर्यंत घोषणापत्रे घेतली गेली. सज्जावरील तलाठ्याच्या हाती लॅपटॉप आला, परंतु दिवसा सर्व्हर इतका मंद चाले की अनेकांनी रात्री जागून फेरफार चढविले, आणि त्यांच्या संघटनांनी याविरुद्ध वारंवार आवाज उठविला. हे गाऱ्हाणे वरिष्ठांनी शिस्तभंग म्हणून घेतले की यंत्रणेविषयीची अमूल्य माहिती म्हणून घेतले, यावर त्या त्या काळातील प्रगतीचा वेग ठरला. 1 मे 2018 रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लोकार्पित झाला. 15 रुपये भरून निघणारा तो उतारा आज बँकेपासून न्यायालयापर्यंत चालतो. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदले की त्याची माहिती आपोआप फेरफाराच्या कामात येऊन पडते. 2020 मध्ये उताऱ्याचा नमुनाच सुधारला गेला आणि प्रलंबित फेरफार त्यावर दिसू लागला. एकच जमीन दोघांना विकू पाहणाऱ्याच्या वाटेत ही एक ओळ उभी राहिली.

आता सीमेपलीकडे पाहू. ‘भूमी’ ही तिघींतील थोरली. राजीव चावला या सनदी अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली कर्नाटकाने या शतकाच्या आरंभी सुमारे 2 कोटी नोंदी संगणकावर आणल्या, तालुक्याच्या कचेरीत खिडक्या उघडल्या आणि हस्तलिखित उतारा बेकायदा ठरविला. दोन गोष्टी त्यांनी विशेष दूरदृष्टीने केल्या. एक, फेरफाराचे अर्ज ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने निकालात निघतील, मधला अर्ज उचलून पुढे घेता येणार नाही, असे आज्ञावलीतच बांधून टाकले. दुसरी, खिडकीपलीकडे उभ्या असलेल्या रयतेकडे तोंड केलेला एक दुसरा पडदा बसविला, जेणेकरून कारकून काय टंकतो आहे ते शेतकऱ्यास त्याच क्षणी दिसावे. या दुसऱ्या पडद्यामागची बुद्धी मला कोणत्याही मोठ्या शोधाइतकी आदरणीय वाटते. कामास आरंभ करण्यापूर्वी चावला यांनी ग्रामलेखापालांच्या कार्यशाळांवर कार्यशाळा घेतल्या. ज्यांच्या हातून लेखणी जाणार, त्यांनाच प्रथम विश्वासात घेतले. तरीही ‘भूमी’ निर्दोष नव्हती. 2007 मध्ये अभ्यासकांनी बेंगळुरूच्या परिसराविषयी असे दाखविले की, नोंदी तालुक्याला एकवटल्यामुळे गावातील वाटाघाटींना असलेली जागा संपली आणि मोठ्या जमीन खरेदीदारांचे फावले.

‘धरणी’चा इतिहास अधिक वेदनादायक आहे, आणि देगलूर-बिलोलीकडच्या ज्या कुटुंबांचे सोयरे पलीकडे नांदतात त्यांनी तो घरातच ऐकला असेल. सप्टेंबर 2020 मध्ये तेलंगणाने ग्राम महसूल अधिकाऱ्याचे पदच कायद्याने रद्द केले, आणि 29 ऑक्टोबर 2020 रोजी ‘धरणी’ सुरू केली. खरेदीची नोंदणी आणि फेरफार एकाच दिवशी, एकाच तहसीलदारासमोर. निर्वेध जमीन असलेल्यास हे खरोखर वरदान ठरले. परंतु ‘धरणी’पूर्वी झालेल्या नोंदींच्या तपासणीत ज्यांचे नाव चुकले, क्षेत्र घटले किंवा ज्यांची जमीन व्यवहारास निषिद्ध जमिनींच्या यादीत पडली, त्यांनी जावे कोठे? तहसीलदाराच्या हाती दुरुस्तीचा अधिकार नाही, गावात नोंद जाणणारा माणूस नाही. उरले जिल्हाधिकारी किंवा दिवाणी न्यायालय. आज्ञावली एका खासगी कंपनीकडे होती, ती राज्यातील सत्तांतरानंतर 2024 मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे आली. 14 एप्रिल 2025 रोजी ‘धरणी’ची जागा ‘भू भारती’ने घेतली, नव्या कायद्यात दुरुस्ती व अपिलाची तरतूद आली, आणि गावपातळीवर महसुली कर्मचारी पुन्हा नेमण्यात आला. ‘धरणी’ मंद होती म्हणून बदनाम झाली नाही. ती जलद होती, आणि चुकीच्या नोंदीवरही तितकीच जलद चालत होती.

कॉनवेचे म्हणणे येथे प्रत्ययास येते. कर्नाटकाचा भर तालुक्यावर, म्हणून ‘भूमी’ तालुक्याला बसली, तेलंगणाने गावचा दुवा तोडला, म्हणून ‘धरणी’ला गावाचे ऐकू येईनासे झाले, महाराष्ट्राने तलाठी ठेविला, मंडळ अधिकाऱ्याची तपासणी ठेविली, हरकतीची 15 दिवसांची नोटीस ठेविली, आणि म्हणून ‘ई-फेरफार’ सावकाश, कित्येकदा चीड येण्याइतकी सावकाश, परंतु दुरुस्त होत होत चालली. माझा कौल या सावकाशीच्या बाजूने आहे. तलाठी कार्यालयातील चिरीमिरी आणि अडवणूक मला ठाऊक नाही असे नाही. परंतु तिच्यावरचा इलाज तलाठी नाहीसा करणे हा नसून त्याच्या पडद्याचे तोंड खातेदाराकडे वळविणे हा आहे.

खालचा माणूस खोटा आणि यंत्र खरे, असे गृहीत धरल्यास काय होते, याचे भीषण उदाहरण ब्रिटनच्या टपाल खात्याने जगापुढे ठेविले आहे. ‘होरायझन’ नावाच्या हिशेबी आज्ञावलीने दाखविलेल्या तुटीवरून 1999 ते 2015 या काळात 900 हून अधिक पोस्टचालकांवर अपहार-फसवणुकीचे दोष सिद्ध करण्यात आले; त्यांत तुरुंगात गेलेले होते, घरदार विकलेले होते, जीव दिलेलेही होते. तूट आज्ञावलीतील दोषांमुळे दिसू शकते, हे 2019 मध्ये न्यायालयाने मान्य केले, आणि 2024 मध्ये कायदा करून त्या शिक्षा सरसकट रद्द कराव्या लागल्या. अनेक पोस्टचालकांना वर्षानुवर्षे असेच वाटत राहिले की, असा घोटाळा आपल्या एकट्याच्याच हिशेबात निघतो आहे.

म्हणून अभियंत्यांच्या पथकाचे नेतृत्व म्हणजे मुख्यतः वाईट बातमीसाठी रस्ता मोकळा ठेवणे होय. मुदती आखणे, कामे वाटणे, वेतनवाढीच्या शिफारशी करणे हे सर्व त्याच्या मागून येते. महाराष्ट्रात आज्ञावली लिहिणारे पुण्यात, जमाबंदी आयुक्तांचे कार्यालय पुण्यात, आणि चूक उघडकीस येणार माहूरच्या डोंगरात किंवा देवणीच्या सज्जावर. या दोन टोकांच्या मध्ये प्रत्येक जिल्ह्यात महसूल जाणणारा एक अधिकारी प्रकल्पासाठी नेमला गेला, आणि तलाठ्यांतीलच जाणती माणसे प्रशिक्षक झाली. जेथे हा मधला माणूस दोन्ही भाषा बोलणारा निघाला, म्हणजे ज्याला ‘पोटखराब’ही कळतो आणि ‘डेटाबेस’ही, तेथे पुण्याच्या अभियंत्याला नेमका दोष कळला; जेथे तो केवळ पत्रे पुढे पाठविणारा निघाला, तेथे ‘सॉफ्टवेअर चालत नाही’ एवढेच वर पोहोचले. ब्रुक्सचा सिद्धांतही येथेच लागू पडतो: काम तुंबले म्हणून भाड्याचे टंकलेखक वाढविल्याने चुकाच वाढतात, कारण त्यांना शिकविण्यात जाणत्यांचा वेळ जातो.

लातूर जिल्ह्याला हा धडा संगणक येण्यापूर्वीच, फार मोठी किंमत देऊन मिळाला होता. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादेतील 52 गावे नव्या जागी वसविली गेली, आणि त्यांपैकी अनेक ठिकाणी अभियंत्यांनी आखलेले रुंद रस्ते व सरळ चौकोन लोकांच्या राहणीला कित्येक वर्षे मानवले नाहीत. उलट जी घरे जागच्या जागी दुरुस्त करून मजबूत करावयाची होती, ज्यांची संख्या लाखाहून कितीतरी अधिक होती, तेथे पैसा घरमालकाच्या हाती दिला गेला, आणि स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावच्याच स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या गेल्या. या स्त्रिया घर मजबूत कसे करावयाचे ते शेजारणीला समजावीत, आणि शेजारणीची अडचण कनिष्ठ अभियंत्याच्या कानी घालीत. त्या काळी याला कोणी ‘प्रॉडक्ट’ची परिभाषा लावली नाही, काम मात्र तेच होते.

आजची कसोटी ई-पीक पाहणीची आहे. 15 ऑगस्ट 2021 पासून शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभे राहून आपल्या मोबाईलवरून पिकाचे छायाचित्र काढावे आणि बाराच्या नमुन्यात पीक नोंदवावे, अशी ही योजना. लातूर-नांदेडात सोयाबीन आणि तूर यांची हमीभावाने खरेदी असो वा नुकसानीची मदत, ही नोंद निर्णायक ठरते. म्हणून मुदतीच्या शेवटच्या दिवसांत साऱ्या मराठवाड्याचे बोट एकाच बटणावर येते, आणि ॲप फिरत राहते. पहिल्या वर्षी चुकीचे पीक नोंदले गेले तर शेतकरी हवालदिल होई. 1 ऑगस्ट 2022 रोजी आलेल्या दुसऱ्या आवृत्तीने ही वेदना ओळखली: नोंद केल्यापासून 48 तासांत शेतकऱ्यास ती स्वतः दुरुस्त करता येऊ लागली, त्याचे म्हणणे स्वयंप्रमाणित मानले गेले, आणि तलाठ्याने सरसकट सर्व नव्हे, तर 10 टक्के नोंदी तपासाव्यात असे ठरले. मिश्र पिकात मुख्य पिकाबरोबर तीन दुय्यम पिकांची जागा आली. सोयाबीनमध्ये तुरीच्या व इतर पिकांच्या ओळी टाकणाऱ्या आमच्या शेतकऱ्याचे शेत आता अधिक जसेच्या तसे कागदावर उतरू लागले.

करावयाचे ते बरेच उरले आहे, आणि ते अवघडही नाही. चुकीची तक्रार नोंदविणाऱ्या तलाठ्यास वा खातेदारास क्रमांक मिळावा, आणि तो दोष आज्ञावलीच्या कोणत्या आवृत्तीत दूर झाला हे त्याला परत कळावे. ज्ञात दोषांची यादी प्रत्येक सज्जावर, चावडीच्या भिंतीवर लावली जावी. चावडी वाचन एका मोहिमेपुरते न राहता, वर्षभरात ज्या गटांच्या नोंदी बदलल्या तेवढ्यांचे तरी दरवर्षी व्हावे. आणि विष्णुपुरीच्या व लातूरच्या संगणक विभागांनी आपल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी खरिपाच्या पाहणीच्या दिवसांत किनवट, मुखेड, जळकोट येथील तलाठी कार्यालयांत पंधरा दिवस बसवावे. त्यांनी आज्ञावलीची एकही ओळ लिहू नये, खिडकीपाशी आलेल्या प्रत्येक माणसाचे काम कोठे अडले एवढेच रोज टिपून ठेवावे, आणि ते टिपण घेऊन पुण्याच्या अभियंत्यांपुढे स्वतः उभे राहावे.